थेंबाची वाट पाहणारे साडू

पाण्यावर इतका अविश्वास असलेला माणूस मी उभ्या टेक्सासात दुसरा पाहिला नाही. आमचे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, ह्यूस्टनच्या एका लॅबमध्ये काँक्रीटमधून पाणी किती झिरपतं ते मोजत. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास त्यांनीच मला तिथे चिकटवलं. काँक्रीटची जाड चकती पोलादी कड्यात बसवायची, कडेची फट मेणाने बुजवायची, खालून दाबाने पाणी सोडायचं आणि वरच्या काचनळीत ते कधी उगवतं याची वाट पाहायची. आठवडेच्या आठवडे काही उगवत नसे. "म्हणजे अजिबात झिरपत नाही तर!" असं कुणी म्हटलं की साडू उसळत, "झिरपत असेल हो, पण तेवढं हवाच पिऊन टाकत असेल!" म्हणून नळीत ते वरून तेलाचा थेंब सोडत. ही धास्ती अंगात इतकी मुरली होती की ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या पार्टीतही ताकाच्या ग्लासावर बशी ठेवूनच ते गप्पा मारत. पिकनिक ठरली की "जरा प्रेशर चेक करून येतो" म्हणून गायब होत आणि पुरणपोळ्या संपल्यावर उगवत. "किचनचा नळ कधीचा गळतोय, तो नाही दिसत यांना," ताई करवादत. "तो कुठून गळतो ते माहीत आहे. त्यात पाहायचं काय?" साडू शांतपणे म्हणत.

एकदा मात्र उलटंच झालं. पाण्याच्या एका टाकीच्या काँक्रीटचे दोन नमुने लागोपाठ भळाभळा गळले. साहेब म्हणाला, "एक तर हे काँक्रीट चाळणी आहे, नाहीतर तुझं मशीन. तिसराही गळला तर मशीन भंगारात." साडूंचा चेहरा पार उतरला. एकेक पाइप कापून, जोडून ते मशीन त्यांनी स्वतः उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून हळद आणली, पाण्यात कालवून फडक्यातून गाळली आणि तेच पाणी तिसऱ्या नमुन्याखाली सोडलं. तोही गळला. मग त्यांनी चकती मधोमध फोडली. काँक्रीटमधल्या चुन्याने हळदीचं कुंकू केलं होतं. पण ते फक्त कडेकडेने, आत रंगाचा ठिपका नाही. "मेण सुटलंय!" साडू आनंदाने ओरडले. "ओल्या कडेवर मीच ओतलं, मी गाढव! काँक्रीट बिचारं निर्दोष आहे!" साहेबाने विचारलं, "हा डाय कुठला?" "बायकोचा. आमटीत घालते." साहेब हसला आणि मशीन वाचलं.

पण फार दिवस नाही. चकतीतून वीज सोडून पाणी किती झिरपेल याचा आकडा दिवसाभरात देणारं नवं यंत्र आलं. त्याला जागा हवी होती, आणि ते चालवायचं होतं मी. ज्यांनी मला नोकरी लावली त्यांचंच टेबल मी घेणार, हे मला पटेना. "दादा, मी साहेबाला नाही म्हणून सांगतो," मी म्हणालो.

"खुळा आहेस का? वायरी तेवढ्या जपून लाव, टेबलाला ओल असते."

मग त्यांनी आपल्या जुन्या मशीनचा दाब हळूहळू उतरवला आणि एकेक नट सैल केला. महिनाभर भिजत पडलेली शेवटची चकती बाहेर काढून तिच्या वरच्या अंगावर त्यांनी तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझा हात धरून तिथेच टेकवला.

"गार लागतंय ना?" ते हलकेच म्हणाले. "पोचतच आलं होतं रे."