रुखमाबाईनं फोडलेली सरकारी चूल

चामोर्शीजवळच्या त्या गावात चूल घालावी तर रुखमाबाईनंच. एरवी ती लोकांच्या शेतात भाताच्या रोवणीला जायची. नवरा वारल्यापासून एकटी होती, आणि भीड म्हणून कुणाची ठेवत नव्हती.

शहाऐंशी साली सरकारी योजनेतल्या निर्धूर चुली आल्या. ठेकेदाराच्या माणसांनी चाळीस घरांत सिमेंटच्या चुली बसवल्या, भिंतींवर नंबर रंगवले आणि कोंबडी खाऊन ती निघून गेली. शेजारच्या गुणाबाईनं भात मांडला, तर भाताचं भांडं, तिचा गंज, चुलीच्या तोंडावर बसेना. पाइप छपराच्या आतच संपलेला. धुरानं घर भरलं.

"यायनं जन्मात कधी भात रांधला का वो?" रुखमाबाई दारातच थुंकली. "घरच्या बायकोले तरी इचारायचं होतं."

तिनं लोखंडी सब्बल आणली आणि चूल फोडली. वारुळाची माती, कोंडा, शेण कालवून, गुणाबाईच्या गंजाच्या मापानं नवी घातली. धुरासाठी इतवारी कुंभाराकडून मातीचे नळ भाजून घ्यायचे होते. तो कचरला.

"सरकारी चूल फोडली म्हणून धरतीन ना, बाई."

"धरू दे. धूर खायले येतात काय ते?"

इतवारीनं नळ भाजून दिले, पण पहिली चूल आठ दिवसांत तडकली. मग कोंडा वाढवून रुखमाबाईनं दुसरी घातली. तिचा धूर सरळ छपरावर गेला. आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली.

"फुकटाची पाह्यली ना?" ती बायकांना सुनवायची. "आता माह्यासाठी धान काढून ठेवा." त्यातला वाटा इतवारीला जायचा.

मग जीपमधून योजनेचे साहेब आले. "बाई, ही चूल आपल्या योजनेत दाखवू."

"आन् त्या चाळीस कुठी दाखवान? त्यात कोंबड्या बसून राह्यल्या."

साहेब हसले. तिनं स्वतःच्या घराचं दार लावून घेतलं, तर गुणाबाईनं त्यांना चहा पाजला. तिच्याच चुलीपुढं वाकून साहेबांनी फोटो काढून घेतला.

रुखमाबाई पंधरा दिवस गुणाबाईशी बोलली नाही. साहेबांपेक्षा तिचाच राग जास्त आला होता. सोळाव्या दिवशी गुणाबाई मुकाट येऊन माती तुडवू लागली. रुखमाबाईनं तिच्याकडं न पाहता कोंड्याची टोपली पुढं सरकवली. त्या वर्षी दोघींनी सहा गावांत चुली घातल्या. रोवणीला रुखमाबाई गेलीच नाही.