दुर्बिणीतले अण्णा

तळ्याकाठच्या त्या डोंगरी गावात फिरायला येणाऱ्या माणसाला एका दिवसात सगळं हवं असतं. सकाळी देवळं, दुपारी किल्ले, जाता जाता धरण, शिवाय तळ्यात पाय बुडवून काढलेला फोटो. गुडघे मात्र घरून निघतानाच कुरकुरत असतात. अशा मंडळींना दुर्बीणवाला म्हणजे देवमाणूस! कड्यावरच्या कठड्याला लागून त्याने लोखंडी घोडीवर एक भली थोरली दुर्बीण बसवली होती. डोळा लावा आणि पायरी न चढता किल्ला पाहून या.

घोडीच्या गोल तबकडीवर त्याने कानशीने खाचा पाडल्या होत्या. पहिल्या खाचेला मोठ्या देवळाचा कळस, दुसरीला किल्ल्याचा दरवाजा, तिसरीला धरण, चौथीला धरणापलीकडचं छोटं देऊळ. तो रांगेकडे बघत बघतच खटाखट दुर्बीण फिरवायचा आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, "हं, आता बघा दरवाजा, खिळे दिसले का खिळे? मोजू नका, मागे माणसं उभी आहेत!"

गंमत अशी की बावीस वर्षं सगळ्या जगाला किल्ला दाखवणाऱ्या या गड्याने स्वतः किल्ल्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. छोट्या देवळातही तो कधी गेला नव्हता. पाहुणे असले की त्याला दुर्बीण सोडता येत नसे, आणि पाहुणे नसले की तो घोडीचे स्क्रू आवळत बसे. छोट्या देवळाचं दार हिरवं आहे, असं तो कितीतरी वर्षं छातीठोक सांगत होता. शेवटी तिथे जाऊन आलेली एक बाई म्हणाली, "अहो, दार तपकिरी आहे. हिरवं आहे ते अलीकडचं झुडूप!" त्यावर त्याची बायको आठवडाभर हसत होती. "उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं येतंय काय तुम्हाला!"

त्याच्या पायाला बसायची सवय नव्हती. पाहुणा दुर्बिणीत बघत असताना हा घोडीभोवती फेऱ्या मारायचा. ही भिंगरी त्याला वडिलांकडून आली होती. वडील, म्हणजे अण्णा, त्या धरणाच्या बांधकामावर गवंडी होते. आता वय झालं होतं, आठवण दगा देत होती. मोरी कुठे आणि स्वयंपाकघर कुठे हे विसरायचे, पण धरण विसरत नसत. धरणातून रोज चारला पाणी सोडतात, आणि त्याआधी भोंगा होतो. बांधकामाच्या दिवसांत त्याच भोंग्यावर काम सुटायचं. त्यामुळे चारचा भोंगा कानावर आला की अण्णा ताडकन उठायचे, डोक्यावर जुनं पिवळं हेल्मेट चढवायचे आणि खाली उतरायची दोराची शिडी शोधायला लागायचे. शिडी कुठली घरात? गेल्या महिन्यात गॅलरीच्या कठड्यावरून एक पाय बाहेर टाकला होता. सुनेने सदऱ्याला धरलं म्हणून वाचले. तेव्हापासून पावणेचार वाजले की कोणीतरी त्यांना खेटून बसायचं, असा घरात कायदाच झाला होता.

आणि त्या दिवशी तीनच्या सुमाराला बायकोचा फोन आला.

"अहो, अण्णा घरात नाहीत! मी गच्चीवरून कपडे काढून खाली येते तर दार सताड उघडं. सगळी गल्ली पालथी घातली. दुकानदार म्हणतो, बसमध्ये बसताना बघितलं."

"हेल्मेट?"

"खुंटीवर नाही."

दुर्बीणवाल्याने समोरच्या माणसाला चक्क बाजूला सारलं आणि स्वतः डोळा लावला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो खाचा सोडून दुर्बीण फिरवत होता. रस्ता, तळं, रस्ता, माणसंच माणसं! हात असा थरथरत होता की किल्लासुद्धा नाचत होता.

"भाऊ, माझा नंबर आहे," मागून आवाज आला. डोक्यावर मोठी टोपी, गळ्यात चष्म्याची साखळी, आवाजाला छडीची धार. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या त्या. "आम्हाला पाचला निघायचंय."

"बाई, माझे वडील हरवलेत. चारच्या आत सापडायला हवेत."

"चारच्या आतच का?"

त्याने दोन वाक्यांत सांगितलं. बाईंनी टोपी काढून शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात दिली. "व्हा बाजूला. तुमचा हात हलतोय. मी छत्तीस वर्षं मागच्या बाकावरची कॉपी पकडली आहे." त्यांनी डोळा लावला आणि एकेका खाचेला थांबत, वर्गात हजेरी घ्यावी तशा शांतपणे निघाल्या. चौथ्या खाचेला थबकल्या. "देवळाच्या पायरीवर कोणी हेल्मेट घालून बसतं का हो? पिवळं?"

त्याने वाकून पाहिलं. अण्णाच! छोट्या देवळाच्या खालच्या पायरीवर, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. घड्याळात साडेतीन होत होते, आणि तिथून धरण हाकेच्या अंतरावर होतं.

आता पेच असा की तो निघाला तर अण्णा नजरेआड होणार, आणि थांबला तर नुसतं बघत बसायचं. पेच बाईंनीच सोडवला. "माझा फोन नंबर घ्या. मी डोळा काढत नाही. अहो," हे नवऱ्याला, "आपल्या गाडीवाल्याला उठवा."

"अगं, पण आपला किल्ला?" नवरा म्हणाला.

"किल्ला कुठे पळत नाही!"

गाडीवाल्याने तळ्याला वळसा घालत गाडी अशी पिटाळली की दुर्बीणवाल्याने वरचा दांडा सोडलाच नाही. फोन कानाला. बाई वर्गात शिकवल्यासारखं सांगत होत्या, "बसलेत. हेल्मेट सरळ केलं. कावळ्याला हाकललं. आता हाताने काहीतरी मापतायत." मध्येच दुसऱ्या कोणाला, "रांगेत उभे राहा! कळस कुठे जात नाही! आणि तुम्ही, ते छत्रीवाले, समोरून हला!"

"बाई, अण्णा?"

"आहेत हो. तुम्ही रस्त्याकडे बघा."

रस्ता संपला तिथे देवळाची चढण सुरू झाली. तो धावत वर गेला आणि पायऱ्यांपाशी पोचला. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. देवळात डोकावला, मागे जाऊन आला, झुडपात हात घालून पाहिलं. चिटपाखरू नाही.

"बाई, कुठे गेले अण्णा?"

"गेले कुठे? तिथेच आहेत! तुम्हीही दिसलात मला. निळा शर्ट ना? अहो, तुम्ही त्यांच्या शेजारीच उभे आहात!"

"इथे कोणी नाही हो!"

"असं कसं? हात लांब करा, खांद्याला लागेल!"

त्याने हात लांब केला. हाताला वारा लागला. मग डोक्यात लख्ख झालं. दुर्बीण लांबचं आणि जवळचं चेपून एकाच पाटीवर बसवते. झुडपाला दार समजून बसलेला माणूस तो. पुन्हा तीच चूक, आणि या वेळी ती अण्णांच्या जिवावर बेतणार होती.

"बाई, नीट बघा. मी डावीकडे सरकतोय. अण्णांच्या पाठीमागे जातो की पुढून जातो?"

"सरका. सरका. थोडं अजून... अगं बाई! तुम्ही हेल्मेटमागे गायब झालात!"

"म्हणजे ते माझ्या पुढे आहेत. तुमच्या बाजूला. मी अगदी त्यांच्यामागे आहे ना?"

"केसभर इकडेतिकडे नाही."

तो तिथेच खिळून उभा राहिला, देवळाकडे पाठ केली आणि पलीकडे कड्यावर, मुंगीएवढ्या दिसणाऱ्या आपल्याच दुर्बिणीकडे नजर लावली. मग ती नजर सरळ रेषेत खाली आणत आला. तळं, तळ्याचा काठ, धरण, धरणाच्या सांडव्यालगतची लांब भिंत, आणि त्या भिंतीच्या टोकाजवळ पिवळा ठिपका. ठिपक्याखाली चार पुरुष खोल नुसते दगड.

पावणेचार होऊन गेले होते.

तो उतारावरून धावला. एक चप्पल मागे राहिली, दुसरी त्याने स्वतःच भिरकावली. कुंपणाच्या तारेत माणूस जाईल एवढं भोक होतं. अण्णा त्यातूनच गेले असणार. त्यातून अंग ओढताना शर्ट फाटला. भिंतीवर चढल्यावर मात्र त्याला पळता येईना. भिंत दोन हात रुंद. पळालो आणि अण्णा दचकले तर? तो पाऊल मोजत, श्वास कोंडून चालू लागला.

"अण्णा!"

अण्णांनी मान वळवली नाही.

"अण्णा, घरी चला."

अण्णा ते नाव ओळखतच नव्हते. ज्या दिवसांत ते बसले होते, त्या दिवसांत त्यांना कोणी अण्णा म्हणत नव्हतं. दुर्बीणवाल्याने तेव्हाची हाक मारली. "मिस्त्री!"

"काय आहे?" अण्णा तिखट आवाजात म्हणाले. "दिसत नाही, दगड बघतोय? हा कोणी बसवला? वाकडा आहे. तू कोणत्या टोळीचा?"

"नवीन आहे, मिस्त्री. मुकादमाने पाठवलंय. तुम्हाला तिकडे बोलावलंय."

"त्याला म्हणावं, तूच ये इकडे. आणि येताना ओळंबा आण, म्हणजे कळेल तुझी माणसं काय घाण करतात ते!"

तो अण्णांच्या मागे, हात पोचेल इतका जवळ येऊन बसला. धरावं का? धरलं आणि त्यांनी हिसडा मारला तर दोघंही खाली. त्या म्हाताऱ्या मनगटात अजून किती जोर आहे, हे त्याला रोज आंघोळ घालताना कळत होतंच.

आणि भोंगा झाला.

जवळून तो असा होता की भिंत अंगाखाली थरथरली. अण्णा ताडकन उठले, हेल्मेट दाबून बसवलं, आणि रोजच्यासारखे, अगदी निवांतपणे, टोकाकडे निघाले. शिडी त्या टोकालाच असायची.

"मिस्त्री!" दुर्बीणवाला ओरडला. "शिडी तिथे नाही! आजपासून त्या बाजूला हलवली आहे!"

अण्णांचा पाय उचललेला तसाच राहिला. ते गर्रकन वळले. चेहरा लालबुंद.

"हलवली? कोणी हलवली? मला न विचारता?"

"मुकादमाने."

"बघतोच त्या शहाण्याकडे! चौदा माणसं उतरायची इथून, कोणाला सांगितलं तरी का त्याने? हो बाजूला!"

बाजूला व्हायला जागा कुठे होती! तो मागच्या मागे चालत राहिला आणि अण्णा त्याच्यावर चाल करून येत राहिले, हातवारे करत, मुकादमाच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत. तसे ते भिंत संपवून रस्त्याच्या कडेला आले. मागे सांडव्यात पाणी कोसळायला लागलं होतं. अण्णांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खिशातला फोन कलकलत होता. "भाऊ! दोघंही दिसेनात! बोला काहीतरी, इथे सगळी रांग श्वास रोखून उभी आहे!"

"सापडले, बाई," तो म्हणाला, "पण थांबायला तयार नाहीत."

"थांबवू नका. चालत ठेवा!" बाई म्हणाल्या. मागून टाळ्या ऐकू आल्या.

गाडीत बसवणं हे आणखी एक प्रकरण झालं. मुकादम आताच गावाकडे गेला, असं गाडीवाल्याने शपथेवर सांगितलं तेव्हा कुठे अण्णा आत बसले. तो मुकादम वारून कैक वर्षं झाली होती, पण प्रत्येक वळणावर तो अण्णांना दिसत होता. "तो बघ चालला! थांबव गाडी!" कधी तो मुकादम सायकलवर असायचा, कधी छत्री घेतलेला, एकदा तर चक्क बाईमाणूस निघाला. काचेतून तळं गेलं, किल्ला गेला, मोठ्या देवळाचा कळस गेला. दुर्बीणवाल्याने त्यातलं काहीही पाहिलं नाही. त्याची नजर अण्णांच्या हातावर होती, आणि अण्णांचा हात दाराच्या कडीवर.