अंधाऱ्या फोटोतला बाक

भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सगळे त्याला याच नावाने हाक मारायचे. एका जागी त्याचं बूड म्हणून टिकायचं नाही. जेवायला बसला तरी एक पाय दाराकडे. अशा माणसाला दिवसभर उंच इमारतींच्या पोटातून वर-खाली करायचं काम मिळालं होतं, म्हणजे पाण्याला उतारच मिळाला म्हणायचा. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी शिडी बंद केली, कंपनीने भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला, आणि भिंगरी चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन पडला.

पडला हे आपलं म्हणायला. न गळणारा नळ त्याने इतक्यांदा उघडून पाहिला, की तो गळायला लागला. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं आणि त्या तेलाचे डाग फरशीवर पाडले. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, तेव्हा बायकोला दोन दिवस मीठ सापडलं नाही. ती मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसायची. संध्याकाळी दार उघडलं, की हा उंबऱ्यातच उभा असायचा. गर्दी होती का, बस मिळाली का, दुपारी फोन का नाही उचललास. ती पिशवी खाली ठेवेपर्यंत चार प्रश्न होऊन जायचे.

परगावी राहणारी लेक सुट्टीत आली आणि जाताना आपला जुना डिजिटल कॅमेरा ठेवून गेली. "बाबा, हे घ्या," ती म्हणाली, "आणि आईचे डबे सोडा."

भिंगरीने डबे सोडले आणि कॅमेरा धरला. मागच्या बाजूच्या गॅलरीतून दिसेल ते तो टिपू लागला. संध्याकाळी समोरच्या इमारतीच्या खिडक्या एकेक करून उजळायच्या, ते त्याला फार आवडायचं. कठड्यावर कॅमेरा टेकवायचा आणि खटाखट फोटो घ्यायचे. पण कॉम्प्युटरवर टाकून बघावं, तर खिडक्या तेवढ्या पिवळ्या आणि खाली सगळी शाई सांडलेली. त्याने लेकीला फोन केला. "फोटो काढून भागत नाही, बाबा," ती म्हणाली. "नंतर त्यावर हात फिरवावा लागतो. ते शिका."

वाचनालयाच्या माडीवर एक वर्ग चालायचा. शिकवणारी मुलगी त्याच्या लेकीच्याच वयाची. ती त्याला काका म्हणे, तो तिला मॅडम म्हणे. पहिल्या दिवशी तिने सांगितलं, की मूळ फोटोला हात लावायचा नाही, आधी नक्कल करायची आणि काय खेळायचं ते नकलेवर. मग फोटो सरळ कसा करायचा, कडा कशा छाटायच्या, उजेड कसा वाढवायचा, हे ती एकेक करून दाखवू लागली. बाकीची मंडळी पडद्यावरची एक पट्टी सरकवून थांबत, बघत. भिंगरीला थांबणं जमत नव्हतं. रंगाची पट्टी दिसली, की तो ती थेट टोकाला नेई. त्याचं आकाश निळ्या दौतीसारखं झालं आणि शेजारच्या आजोबांचे गाल टोमॅटोसारखे.

"काका, अर्ध्यावर थांबा," मॅडम म्हणायच्या. "मग अजून थोडं मागे या."

"मागे येणं कधी जमलं नाही मॅडम," तो म्हणाला, आणि वर्ग हसला.

एके दिवशी सावल्या उजळायला शिकवायचं होतं. फोटोतले उजेडाचे भाग तसेच ठेवून फक्त काळोखातलं वर आणायचं. भिंगरीने गॅलरीतून काढलेला एक संध्याकाळचा फोटो उघडला. पट्टी सरकवली. शाईतून आधी मागच्या अंगणाची भिंत वर आली, मग पाण्याचा पाइप, मग कोणाची तरी सायकल. त्याला गंमत वाटली. त्याने पट्टी आणखी ओढली. भिंतीलगत एक बाक दिसला आणि बाकावर एक बाई. पायातल्या चपला काढलेल्या, एक पाऊल दुसऱ्यावर ठेवलेलं, शेजारी पिशवी.

पावलावर पाऊल ठेवून बसायची ती लकब तो लग्नापासून बघत आला होता. त्याने फोटो मोठा केला. ती त्याची बायकोच होती.

"काय झालं काका?" मॅडमनी विचारलं, कारण त्याची भिरभिर एकदम थांबली होती.

"फोटोवर ठिपक्यांचे दाणे फार आलेत," तो म्हणाला.

"ते येणारच. काळोखातून ओढून काढलं की दाणे येतात."

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो उंबऱ्यात नव्हता, खुर्चीत होता. "आज उशीर?" त्याने विचारलं.

"बस चुकली," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

बाकाचं तिने नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्याबरोबर त्याने संध्याकाळचे सगळे जुने फोटो काढले आणि एकेकाची सावली उजळत बसला. काहींत बाक रिकामा होता. बऱ्याच फोटोंत ती होती. एकात डोळे मिटून बसली होती, एकात सफरचंद खात होती, एकात नुसतीच समोरच्या भिंतीकडे बघत होती. म्हणजे इमारतीच्या पायथ्याशी आलेली बाई वर न येता मागे जाऊन बसत होती. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टही चालू. मग कोणासाठी थांबत होती?

त्याने चहा केला आणि प्यायला विसरला. गॅलरीत गेला, आत आला. बायकोच्या बहिणीला फोन लावला आणि ती उचलायच्या आत ठेवून दिला. पुन्हा फोटोंपाशी आला, तेव्हा एका फोटोत बाकाच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी दिसलं. काळपट, उभं, खांद्यापर्यंत उंच. त्याने धार वाढवायची पट्टी सरकवली. त्या आकाराला कडा आली. आणखी सरकवली, तर डोकं दिसायला लागलं. ते थोडं तिच्याकडे कललेलं होतं.

पुढचे दिवस त्याने त्या डोक्यावर घालवले. जितकी धार लावावी तितका माणूस स्पष्ट होत होता. आधी कपाळ आलं, मग हनुवटी. टोपीही असावी. बायको संध्याकाळी काही बोलली, की हा हूं म्हणे. रात्रीचं जेवण उरू लागलं. "बरं नाही का?" तिने विचारलं. "काय व्हायचंय मला," तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

शेवटी न राहवून त्याने फोटोचा तेवढाच कोपरा छाटला, बायकोला पूर्ण बाहेर ठेवलं, आणि तो तुकडा वर्गात नेला. सगळे गेल्यावर मॅडमना दाखवला. "हा माणूस जरा नीट दिसेल असं करता येईल का?"

मॅडमनी मान तिरकी करून बघितलं. मग त्याने चढवलेल्या सगळ्या पट्ट्या एकेक करून खाली आणल्या. "कचऱ्याचा डबा आहे काका. झाकण उघडं राहिलंय."

"नाक दिसतंय की."

"इतकी धार लावली तर दगडालासुद्धा नाक फुटेल," ती म्हणाली. "जे फोटोत नाही ते पट्टी ओढून मिळत नाही. उलट नसलेलं दिसायला लागतं."

भिंगरी जिना उतरला तो कठडा धरून. डबा निघाला म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. माणूस असता तर निदान भांडता आलं असतं. आता राहिली ती एकटी बाई आणि रिकामा बाक, आणि त्याचा अर्थ काय लावायचा ते त्याला कळेना.

त्या संध्याकाळी त्याने कॅमेरा घेतलाच नाही. लिफ्टने खाली गेला आणि इमारतीला वळसा घालून मागे आला. ती बसलेली होती. तिने त्याला पाहिलं आणि आधी चपलांत पाय घातले.

"तुम्ही इथे कसे?"

"हेच मी विचारणार होतो."

ती थोडी सरकली. तो बसला. कचऱ्याचा डबा त्याच्या कोपराशी होता, झाकण अजून उघडंच.

"घरी येण्याआधी थोडी बसते इथे," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. तुम्ही घरी बसायला लागल्यापासून."

"कोणाबरोबर?" नको म्हणताना त्याच्या तोंडून गेलंच.

"कोणाबरोबरच नाही. तेच तर हवं असतं."

तिनेच पुढे सांगितलं. "दिवसभर लोक खिडकीत तोंड घालून विचारतात. हा वॉर्ड कुठे, तो डॉक्टर कधी येणार, माझा माणूस जगेल का. सगळ्यांना उत्तर द्यायचं, तेही गोड आवाजात. मग घरी यावं तर दारातच तुमच्या प्रश्नांची खिडकी उघडलेली."

"म्हणजे माझा त्रास होतो तुला."

"त्रास नाही होत. आवाज होतो," ती म्हणाली. "तुम्ही दिवसभर एकटे असता, कोणाशी बोलणार, हे कळतं मला. म्हणून सांगितलं नाही. बसचं नाव पुढे करत गेले."

भिंगरीचा पाय हलायला लागला होता. त्याने गुडघ्यावर हात दाबून तो थांबवला. मग सांगून टाकलं सगळं. फोटो, उजळलेल्या सावल्या, टोपीवाला माणूस. सांगताना मान वर होईना. ती ऐकत होती. हकीकत डब्याशी आल्यावर तिने वळून त्या डब्याकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि मग ते हसण्याने भरले की कशाने, हे त्याला सांगता आलं नसतं.

"एवढ्या दिवसांत एकदा विचारायचं होतंत," ती डोळे पुसत म्हणाली. "एरवी भाजीत मीठ कोणत्या हाताने घातलं तेही विचारता."

"हे विचारायची भीती वाटली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने एक केलं. ती यायच्या वेळेला कॅमेरा गळ्यात अडकवून तो घराबाहेर पडू लागला. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची, चहाचं पाणी भांड्यात मोजून ठेवायचं आणि निघायचं. पहिले काही दिवस हे त्याला काट्यावर चालण्यासारखं गेलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरायचा, जिन्याखाली उभा राहायचा, लिफ्टचं बटण दाबून सोडून द्यायचा. एकदा न राहवून वर गेलाच. ती गॅलरीत पाय पसरून डोळे मिटून बसली होती. त्याने दार हळूच ओढून घेतलं आणि पुन्हा खाली आला. बिजागरी वाजली नाही.

मग तो लांब जायला लागला. दुकानं बंद करणारे लोक, बसथांब्यावर पेंगणारी माणसं, दुकानांच्या पुसून घेतलेल्या काचा, जे दिसेल ते टिपायचा. गुडघे कुरकुरले की कुठेतरी टेकायचा, मग पुढे. वर्गात त्याच्या पट्ट्या अजूनही जास्तच सरकायच्या, पण मॅडम बोलायच्या आत त्या मागे आणायला तो शिकला होता.

एका संध्याकाळी तो चौकात असताना तिचा फोन आला. "कुठे आहात?"

"चौकात. येऊ का?"

"नको. थांबा तिथेच, मीच येते. घरात आज जरा जास्तच शांत वाटतंय."

ती आली. दोघं रस्त्याच्या कडेने चालू लागली. त्याला एक सांगायचं होतं, मग दुसरं, मग तिसरं, पण ओठ घट्ट मिटून तो चालत राहिला. औषधांचं दुकान गेलं, शाळेची भिंत गेली. भिंत संपता संपता तिला त्याची दया आली असावी.

"बरं, दाखवा," ती म्हणाली. "काय काढलंत आज?"

आणि कॅमेरा चालू होईपर्यंत भिंगरीने पहिल्या तीन फोटोंची हकीकत सांगून टाकलीसुद्धा.