गवत्याचे पाय

पुलाजवळचं नदीकाठचं कुरण कापायला आमचा शेजारी गवत्या तेवीस वर्षं अनवाणीच जातो. सगळे म्हणायचे, महाचिक्कू, बूट झिजतील म्हणून भितो! मीही त्यावर भरपूर हसून घेतलं. मग दोन वर्षांपूर्वी जिन्यात समोरासमोर गाठ पडली आणि त्याने मला “काय ताई, बरंय ना?” विचारलं. मिशीवरून हात फिरवत मी उभाच राहिलो.

त्याच्या डोळ्यांमागचा पडदा कित्येक वर्षांपासून झिजत चालला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

“हिला सांगू नकोस,” तो म्हणाला. “ नोकरीची चार वर्षं उरलीत, तेवढी जाऊ देत.”

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे मी गिळलं.

तो पायांनी बघायचा. तळव्याला तिधारी, गार काडी लागली की नागरमोथा, म्हणजे पाणी दोन पावलांवर. मऊ हरळी म्हणजे उंचवटा. गोखरू टोचलं की पायवाट. मधे केन्याच्या निळ्या फुलांपलीकडे खडी लागते. तिथे टिटवी अंडी घालते, म्हणून तेवढा तुकडा सोडून यंत्र ढकलायचं.

यंदा त्याच्या कचेरीने बसून चालवायचं यंत्र आणलं. गवत्याचं तोंड उतरलं.

“अरे, पाय जमिनीला नाहीत, तर मी कुठे आहे ते मला कोण सांगणार?”

“नाही म्हण सरळ.”

“का नाही, ते सांगावं लागेल ना, शहाण्या!”

पहिल्या दिवशी कचेरीतले साहेब आले, मी गेलो, वहिनीही त्याचा डबा घेऊन आल्या. “बघा भावोजी, कसे राजासारखे बसलेत!”

यंत्र वीसेक पावलं गेलं असेल, तोच टिटवी उठली आणि डोक्यावर किंचाळत फिरू लागली. गवत्याने यंत्र बंद केलं. मान इकडेतिकडे वळवत तो तसाच बसून राहिला.

“साहेब, पुढे अंडी दिसतात का बघा.”

साहेब वाकले. “कुठे? नुसते खडे आहेत. मलाही दिसत नाहीत!”

“तुम्हाला अंडी दिसत नाहीत, साहेब. मला तुम्हीही दिसत नाही.”

वहिनी खळखळून हसल्या. साहेबांनी त्याच्या चेहऱ्यासमोर हळूच हात हलवून पाहिला, मग यंत्राची किल्ली काढून घेतली. वहिनी अजून हसतच होत्या. हसत हसत माझ्याकडे वळल्या.

“भावोजी, तुम्ही का नाही हसत?”