शनिवारचा दिवा

कॅनडातल्या किचनर शहराच्या पोलीस खात्यातली ती एक चौकशी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. आता निवृत्त होऊन घरी बसलोय. स्टेशनातली करपट कॉफी आणि सकाळच्या हजेरीतली थट्टामस्करी आठवली की जीव हळहळतो, आणि पाठोपाठ ते घर आठवतं.

खबर शेजाऱ्याची होती. एका घराच्या रिसायकलिंगच्या डब्यात दर आठवड्याला लायटरमध्ये भरायच्या गॅसचे ढीगभर रिकामे कॅन दिसत. इथे घरी गांजाची चार झाडं लावता येतात, अर्कही दुकानात मिळतो. पण गॅस वापरून तो घरी काढणं गुन्हा आहे, कारण साठलेल्या गॅसला एक ठिणगी पुरते. अशी उडालेली बेसमेंट्स मी पाहिली होती.

वॉरंटपुरता पुरावा नव्हता, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी एका सहकाऱ्याबरोबर नुसती विचारपूस करायला गेलो. दार पुण्याच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने उघडलं.

"कॅम्पिंगचं सामान आहे ते, सर."

बाहेर ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ होता. आपली शिकलेली माणसं खोटंसुद्धा प्रेझेंटेशन दिल्यासारखं बोलतात.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. माझं मराठी ऐकून तिचा चेहरा फुलला.

"साहेब, तुम्हीच सांगा याला. शनिवार मारुतीचा वार, आणि हा नेमका शनिवारी देवाजवळ दिवा लावू देत नाही. म्हणे स्मोक अलार्मचं टेस्टिंग असतं, फायर ट्रक येईल."

"आई, तू आत जा ना, प्लीज."

दर शनिवारी अलार्म तपासणारं घर मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. "मग शनिवारी दिवा लागतच नाही का, काकू?"

ती ओशाळली. "लागतो हो. खाली बेसमेंटमध्ये माझी खोली आहे, तिथे दार लोटून लावते. शेजारच्या लाँड्रीच्या खोलीत याची खुडबुड चाललेली असते, याला कळतसुद्धा नाही."

मुलगा ओरडलाच. "आई, तू शनिवारी वर सीरियल बघतेस ना?" मग माझ्याकडे वळला. "सर, आय विल टेल यू एव्हरीथिंग."

बोलायचं बंधन नाही, आधी वकिलाला फोन करता येईल, हे मी रीतसर सांगितलं. तरी तो बोलतच राहिला. ठिणगी नको म्हणून घर तापवणारा फर्नेस बंद करायचा, फोन वर ठेवायचा. सगळा विचार केला होता, फक्त आईचा नव्हता. "दुकानातल्यापेक्षा प्युअर बनवता येईल असं वाटलं, सर."

दोघांना ताबडतोब बाहेर काढलं, अग्निशमन दल बोलावलं, मग वॉरंट आलं. म्हातारी जॅकेट घालून आमच्या गाडीत बसली होती. मुलाला नेताना ती एवढंच म्हणाली, "मला खरं सांगितलं असतंस, तर मी कशाला लावला असता रे?"

त्या एका वाक्याने मला जे शिकवलं, ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलो नाही. घरच्यांना घोर नको म्हणून माणसं खोटं बोलतात, आणि ज्यांना जपायचं त्यांनाच आगीच्या तोंडी देतात.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "साहेब, सोडतील ना याला?"

'सगळं ठीक होईल' हे आमचं नेहमीचं वाक्य तोंडात आलं होतं. ते मी गिळलं.

"माहीत नाही, काकू. गुन्हा दाखल होणार. शिक्षाही होऊ शकते."

तिने डोळ्यांना पदर लावला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बरं केलंत, खरं सांगितलंत."