दादांच्या फोनवरचा ओटीपी

संस्था व्यक्तीपेक्षा मोठी असते, असं बाळारामदादांच्या शोकसभेत आमचे अध्यक्ष म्हणाले. घणसोली गावातल्या आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर हे वाक्य लगेच टाकायचं ठरलं आणि तिथेच अडलं. तिथे काहीही प्रसिद्ध करायचा अधिकार एकाच व्यक्तीला होता, आणि आम्ही तिचीच शोकसभा घेत होतो.

तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दादा संकेतस्थळाचं काम हौसेने शिकले. गावची बुजलेली शेतं, खाडी, मिठागरं यांवर ते स्वतःच्या बोलीत लिहायचे. बाकीच्यांचं लेखनही तेच चढवायचे. कार्यकारिणीत प्रत्येकाला लॉगिन हवं होतं, तेही मोठ्या पदाचं. दादांनी कोणालाच नाही म्हटलं नाही. पदांची नावं बदलता येतात, हे त्यांना सापडलं होतं. साध्या वाचकाच्या पदाला त्यांनी 'सर्वोच्च मार्गदर्शक' असं नाव दिलं आणि ते अध्यक्षांना बहाल केलं. "दादा, त्यांना कळलं तर?" मी विचारलं. "नाय कलनार. आत गेल्यावर सवताचा फोटो बदलता येतो. त्यांना तेवढाच पायजे." मी खूप हसले. मी स्वतः 'कार्यकारी संपादक' होते. म्हणजे लिहायचं आणि दादांच्या मंजुरीची वाट पाहायची. त्यात मला विनोद दिसला नव्हता.

दिवसकार्य उरकायच्या आतच आम्ही त्यांच्या घरी गेलो. दादांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, फोनवर 'सांत्वनाला येतो' असं सांगितलं होतं. अध्यक्ष दोन वाक्यं बोलले... मग मी पिशवीतून लॅपटॉप काढला. दादांचं खातं उघडायला ओटीपी लागायचा आणि तो त्यांच्याच फोनवर यायचा. वहिनींनी चष्मा शोधला, एकेक आकडा वाचला. शेवटच्या आकड्याला पोचेपर्यंत मुदत संपली. "पुन्हा मागवा," अध्यक्ष मला म्हणाले. रडून बसलेल्या आवाजात वहिनी पुन्हा आकडे सांगू लागल्या आणि मी ते टाइप करत राहिले. त्या आवाजाने वाटलेली लाज अजून उतरलेली नाही.

खातं उघडलं. "गेलेल्या माणसाचं खातं ठेवू नये, सिक्युरिटीचा प्रश्न असतो," अध्यक्ष म्हणाले. मी ते काढून टाकायला गेले, तर पडद्यावर प्रश्न आला: यांचे लेख कोणाच्या नावावर करायचे?

"माझ्या करा. पदसिद्ध म्हणून. व्यक्तिगत काही नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, मंग यांचा नाव कुठं रानार?"

मी लॅपटॉप मिटला. "चार्जिंग संपलं," म्हटलं. खोटं बोलायलासुद्धा यंत्राचाच आधार घेतला.

संकेतस्थळाचा नवा प्रशासक कोण, हा विषय पुढच्या सभेवर गेला आणि तिथून त्याच्या पुढच्या. मधल्या काळात अध्यक्षांनी लॉगिन करून स्वतःचा फोटो बदलला. वहिनी दादांचा फोन रोज चार्जिंगला लावतात. काही चढवायचं असलं की मी त्यांना कळवते. आता त्या आधीच चष्मा लावून बसतात आणि "लिव" म्हणतात. हा लेखही त्यांनी सांगितलेल्या आकड्यांवर, दादांच्या खात्यातून संकेतस्थळावर चढवला आहे. तिथे लेखक म्हणून दादांचंच नाव दिसतं.