एका मापाचे वाफे

नवशिक्या माणसानं कुठली फुलं लावावीत, हे मी विट्याला सहा फूट बाय तीन फुटांच्या वाफ्यावर शिकले.

साठ-एकसष्टची गोष्ट. यजमानांची नुकतीच तिथं बदली झाली होती. भाद्रपदात साताऱ्याहून सासूबाईंचं पत्र आलं : "तुझ्या हातून तुळससुद्धा वाळते. दसऱ्याला दारात फुलं दिसली नाहीत, तर बाग करून द्यायला मीच राहायला येते."

राहायला! मी तातडीनं वही उघडली. सोप्या फुलांच्या अटी तीन : पाणी कमी, शेळी तोंड लावत नाही, लक्ष द्यायला नको.

अशी फुलं शोधत भर दुपारी गावाबाहेर गेले. एका पडक्या कुंपणाआड सदाफुलीच सदाफुली! माणूस नाही, पाखरू नाही. वारा पडलेला, तरी फुलं हळूहळू डोलत होती. मानेवर कुणाचा तरी श्वास लागल्यासारखं वाटून मी दोनदा मागं पाहिलं. (मी भित्री नाही. तिसऱ्यांदा नुसती मान अवघडली होती.) पण वाफे काय सुरेख! सगळे एका मापाचे, उंच, ओळीत. कुणा शिस्तीच्या माळ्याचं काम! मी पट्टीनं माप घेतलं, बारा रोपं उपटली आणि आमच्या तारेच्या कुंपणालगत हुबेहूब तसाच उंच वाफा केला. यजमान त्याच दिवशी पहाटे पाटणकडे महिनाभराच्या फिरतीवर गेले होते.

रोपं तरारली. शेजार मात्र गप्प झाला. आमच्या घरावरून जाताना बायका पदर सावरून खाली बघत. दूध घालणाऱ्या शेवंतामावशी फाटकाबाहेरच थांबू लागल्या.

"मावशी, आत या की!"

"नगं बाई. हितंच बरं हाय." नजर वाफ्यावर. "सायब कवा यायचं?"

"येतील दसऱ्यापर्यंत."

"व्हय व्हय. येत्याल." आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले!

मग दिवेलागणीला वाफ्याच्या उशाशी रोज तीन उदबत्त्या जळताना दिसू लागल्या. आसपास कुणी नाही. धूर सरळ वर. माझ्या अंगावर काटा आला, तरी वहीत टिपून ठेवलं : 'उदबत्ती. किडीवर उपाय? विचारणे.'

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई आल्या आणि फाटकातच थिजल्या. उंचवटा, फुलं, धूर.

"माझा वसंता कुठाय गं?"

"ते राहू द्या हो, आई! आधी इकडं बघा. एवढं सगळं मी एकटीनं खणलं!"

सासूबाई मटकन खाली बसल्या. शेवंतामावशी तांब्या घेऊन धावत आत आल्या. "आवं, रडू नगा. बाईंनी लय नेटकं निजवलंय त्यास्नी!"

तेवढ्यात फाटक करकरलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या धुळीनं माखलेले यजमान उभे! तांब्या एकीकडे, मावशी तुळशीवृंदावनाच्या मागं.

"दारात थडगं कुणाचं?" यजमानांनी विचारलं.

"तुमचंच की वं!" वृंदावनाच्या मागून मावशी.

तेव्हा कुठं सगळं उलगडलं. मी ज्यांना वाफे समजले, ती गावाच्या दफनभूमीतली थडगी होती. उदबत्त्या मावशी कुंपणातून हात घालून खोचत होत्या.

दुसऱ्या दिवशी रोपं जिथली तिथं लावून, हात जोडून आले. दसरा बिनफुलांचा गेला आणि सासूबाई होळीपर्यंत राहिल्या. सोप्या फुलांची चौथी अट मी वहीत लाल शाईनं लिहून ठेवली आहे : वाफा तीन फुटांहून लांब नको. माणूस मावता कामा नये!